हात कुणी झटकले? अभिजात विज्ञानकथांतला ख्रिस्ती धागा वाचायचा कसा

'फ्रँकेन्स्टाइन' वाचलं नसलं तरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. वेडा शास्त्रज्ञ, विजेचा कडकडाट, टाके घातलेलं प्रेत उठून बसतं. मेरी शेलीच्या मूळ कादंबरीत यातलं जवळपास काहीच नाही. तिथे इंगोलश्टाटमधली भाड्याची खोली आहे, नोव्हेंबरची रात्र आहे, एक वाजलाय, तावदानांवर पाऊस आपटतोय आणि मेणबत्ती संपत आलीय. त्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. दोन वर्षं याच क्षणासाठी झटलेला व्हिक्टर तिथून पळतो आणि झोपायच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहतो. पुढे त्याचा डोळा लागतो, जाग येते तेव्हा तो नवा जीव पलंगाचा पडदा बाजूला सारून त्याच्याकडे बघत असतो. हसल्यासारखा चेहरा करतो, काहीतरी पुटपुटतो, एक हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, या वेळी थेट अंगणात.

या लेखाचं सगळं बळ त्या पुढे केलेल्या हातात आहे. विज्ञानकथेतले ख्रिस्ती विषय म्हटलं की 'देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये' एवढंच सांगणारी पुस्तकं असतील, असा नव्या वाचकाचा समज असतो. माझाही होता. त्यातच मी सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाच्या विज्ञानकथा-त्रयीतलं तिसरं पुस्तक सगळ्यांत आधी उघडलं आणि दोनदा अर्ध्यावर सोडलं. पुढे योग्य क्रम सापडला आणि कळलं, की या पुस्तकांतली चांगली पुस्तकं निर्मितीला पाप म्हणतच नाहीत. निर्माण केल्यावर तुम्ही काय केलंत, हे ती विचारतात. तो क्रम आणि वाचायची एक साधी रीत इथे देतो. ख्रिस्ती धर्माची माहिती असायला हवी असं नाही. एक पेन्सिल मात्र लागेल.

पायरी १ : एक संध्याकाळ बायबलला द्या

पूर्ण बायबल वाचायची गरज नाही. 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय, मग अकराव्यातली बाबेलच्या बुरुजाची छोटी गोष्ट आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातला सत्ताविसावा अध्याय, एवढं पुरे. तासाभराचं वाचन आहे. मराठीतच वाचा. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' नव्या वाचकाला सोपं जातं.

ओवीची गोडी असेल तर आणखी एक वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याचं पहिलं पुराण जुन्या करारावर आहे, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-एवेचं पतन त्यात येतं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही मराठीची थोरवी आपण शाळेपासून ऐकतो, ती याच ग्रंथातली. ज्या गोष्टीवर इंग्रजी विज्ञानकथेनं शंभर पुस्तकं उभी केली, ती गोष्ट मराठीत चारशे वर्षांपूर्वी ओवीबद्ध झालेली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

वाचताना तीन जागांवर पेन्सिलीनं खूण करा. उत्पत्ती १:३ म्हणजे 'प्रकाश होवो'. उत्पत्ती ३:२१, जिथे आदाम-एवेला बागेतून बाहेर काढण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटतं, पुढे आपल्याला त्याचा फार उपयोग होणार आहे. आणि मत्तय २७:२४. येशूचा न्यायनिवाडा करणारा रोमन सुभेदार पिलात पाणी मागवतो, जमावासमोर हात धुतो आणि या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असं सांगतो. शिक्षा मात्र त्याच्याच हुकमानं होते. मराठीत आपण 'हात झटकले' किंवा 'हात वर केले' म्हणतो. पिलातानं नेमकं तेच केलं, फक्त पाणी घेऊन.

एका शब्दाबद्दल आधीच सावध करतो: पाप. आपल्या बोलण्यात पाप हे वहीतल्या नोंदीसारखं असतं, अमुक केलं की इतकं पाप, तमुक केलं की इतकं पुण्य. या पुस्तकांत पाप म्हणजे आधी एक वाक आहे, मग कृती. सरळ असलेली वस्तू वाकते आणि मग तिच्याकडून जे होईल ते वाकडंच होतं. लुईसच्या मंगळावरच्या जीवांच्या भाषेत 'दुष्ट' याला शब्दच नाही. तिथे 'वाकडा' म्हणतात. 'वाकडं पाऊल', 'वाकडी वाट' असं रोज बोलणाऱ्या मराठी माणसाला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

पायरी २ : पहिलं पुस्तक 'फ्रँकेन्स्टाइन'

सुरुवात इथूनच करा. १ जानेवारी १८१८ ला ही कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली, पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती होत्या. कल्पना सुचली १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी. आदल्या वर्षी सुंबावा बेटावरच्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, त्याच्या धुळीनं युरोपात त्या वर्षी उन्हाळा पडलाच नाही. घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. मेरी तेव्हा १८ वर्षांची होती.

१८३१ ची सुधारित आवृत्ती जास्त मिळते, पण मिळाली तर १८१८ ची घ्या. १८३१ मध्ये नियतीवर जास्त भर आहे, त्यामुळे व्हिक्टरची जबाबदारी थोडी पातळ होते, आणि आपल्याला तर तीच बघायची आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पुस्तक फुकट मिळतं.

पहिलं पान उलटायच्या आधी मुखपृष्ठामागचं वाक्य वाचा. मिल्टन या इंग्रज कवीच्या १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट' महाकाव्यातल्या ओळी आहेत. पतन झालेला आदाम देवाला विचारतो, मला मातीतून घडव असं मी तुला म्हटलं होतं का? हा प्रश्न पुस्तकाच्या दाराशीच टांगलेला आहे. पुढे तो जीव रानात पडलेल्या चामडी पेटीतून तीन पुस्तकं मिळवतो, त्यांतलं एक 'पॅरडाइज लॉस्ट'च असतं. तो ते कल्पित म्हणून वाचत नाही, खरा इतिहास समजून वाचतो आणि स्वतःची जागा शोधतो. आदामासारखा मीही एकटाच घडवला गेलो, पण आदामाशी त्याचा निर्माता बोलत होता. बर्फाच्या डोंगरावर व्हिक्टर भेटल्यावर तो म्हणतो, मी तुझा आदाम व्हायला हवा होतो, झालो पतित देवदूत.

आता उत्पत्ती ३:२१ आठवा. बाहेर काढलेल्या लेकरांनाही तो देव कपडे घालून पाठवतो. व्हिक्टर त्याच्या जीवाला कपडे देत नाही, नाव देत नाही, एक शब्दही देत नाही. तो जीव नंतर सांगतो, की थंडी वाजली म्हणून तुझ्याच खोलीतले काही कपडे मी अंगावर घेतले आणि बाहेर पडलो. मेरी शेलीनं हे वाक्य सहज जाता जाता टाकलंय. बायबलशेजारी ठेवून वाचलं की ते अंगावर येतं. व्हिक्टरनं देवाची नक्कल केली हा त्याचा गुन्हा म्हणतात. माझ्या मते त्यानं नक्कल अर्धीच केली. घडवण्याची केली, सांभाळण्याची केली नाही.

तेवढ्याच बारकाईनं जस्टिनचा खटला वाचा. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून होतो आणि आळ घरात वाढलेल्या जस्टिनवर येतो. खुनी कोण याची व्हिक्टरला खात्री आहे. मला वेडा समजतील म्हणून तो गप्प बसतो. तिकडे जस्टिनचा धर्मगुरू तिला बहिष्काराची आणि नरकाची भीती घालत राहतो, शेवटी ती न केलेला गुन्हा कबूल करते आणि फासावर जाते. ज्यानं कबुली द्यायची तो बोलत नाही, आणि जिच्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही तिच्याकडून कबुली उकळली जाते. इथे चर्चलाही सूट दिलेली नाही, हे ध्यानात ठेवा.

समासात तीन खुणा करायच्या. वस्तू कुठे तयार झाली. निर्मात्यानं पाठ कुठे फिरवली. भोगलं कुणी. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ह्याच तीन खुणा करा, वेगळं टिपण लागणार नाही.

पायरी ३ : दोन लहान कथा, एका बैठकीत

मोठ्या पुस्तकाआधी दम घ्यायला आर्थर सी. क्लार्कची 'द स्टार' वाचा. १९५५ सालची, पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. जेजुइट या कॅथलिक संघाचा एक धर्मगुरू अवकाशयानावर मुख्य खगोलभौतिकतज्ज्ञ आहे. मोठ्या स्फोटात नष्ट झालेल्या एका ताऱ्याचे अवशेष तपासून तो परत निघालाय, व्हॅटिकन तीन हजार प्रकाशवर्षं लांब आहे. संगणकाच्या वर भिंतीला क्रूस टांगलेला आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचा अर्थ डळमळीत वाटतोय. शेवट सांगत नाही, तो शेवटच्या वाक्यातच कळायला हवा. क्लार्क स्वतः श्रद्धाळू नव्हता, तरी त्यानं या धर्मगुरूची टिंगल केलेली नाही. त्याची वेदना खरी ठेवली आहे. कुणी आधीच शेवट सांगितला असेल तर हरकत नाही, मग कथा फक्त त्या माणसासाठी वाचा.

दुसरी अँथनी बाउचरची 'द क्वेस्ट फॉर सेंट अ‍ॅक्विन', १९५१ ची. तंत्रज्ञांची हुकूमशाही आलीय, चर्च लपूनछपून जगतंय, आणि पोप थॉमस नावाच्या धर्मगुरूला एका संताचा न कुजलेला देह शोधायला पाठवतो. वाहन म्हणून मिळतं एक यांत्रिक गाढव. ते बोलतं, तर्क लढवतं, आणि वाटेत सुचवतं की शोधायची तसदी कशाला घेतोस, सापडला म्हणून सांग, लोकांची श्रद्धा वाढेल. चांगल्या कामासाठी खोट्याचा आधार घ्यावा का, हा मोह यंत्राच्या तोंडून येतो. बाउचर कॅथलिक होता आणि 'द मॅगझीन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन'च्या संस्थापक संपादकांपैकी एक होता. पुढचं पुस्तक आधी त्याच मासिकात तुकड्यातुकड्यानं आलं.

पायरी ४ : 'अ कँटिकल फॉर लीबोवित्झ', आणि घाई न करता

एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

वॉल्टर एम. मिलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवर होता. इटली आणि बाल्कन भागावर ५० हून अधिक मोहिमा त्यानं केल्या. त्यांतली एक होती मॉन्ते कॅसिनोवरची. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात स्थापलेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बॉम्बनी जमीनदोस्त झाला. युद्धानंतर, १९४७ मध्ये, मिलर कॅथलिक झाला. १९५५ ते १९५७ या काळात त्यानं तीन दीर्घकथा लिहिल्या, १९५९ मध्ये त्यांची कादंबरी झाली आणि १९६१ मध्ये तिला ह्यूगो मिळाला. मठ उद्ध्वस्त करणाऱ्या विमानात बसलेल्या माणसानं पुढे ज्ञान जपणाऱ्या मठाची कादंबरी लिहिली. या मजकुरात हात झटकण्याच्या उलटं काही शोधायचं असेल तर ते हे.

गोष्ट अशी. अणुयुद्धानं जग संपतं. वाचलेले लोक संतापून शास्त्रज्ञांना, मग शिकलेल्यांना, मग वाचता येणाऱ्या कुणालाही ठार मारतात, पुस्तकं जाळतात. लीबोवित्झ नावाचा विद्युत अभियंता संन्यासी होतो आणि वाळवंटात मठ काढतो. तिथले ब्रदर पुस्तकं लपवून आणतात, काही जण ती पाठ करतात. उरलेल्या चिटोऱ्यांचा अर्थ कुणालाच कळत नाही, तरी शतकानुशतकं ते नकलून ठेवतात.

पुस्तकाचे तीन भाग आहेत, तिन्हींची नावं लॅटिन, अर्थ असे: 'मनुष्य होवो', 'प्रकाश होवो', 'तुझी इच्छा पूर्ण होवो'. पुस्तकात लॅटिन खूप आहे. प्रत्येक ओळीला शब्दकोश उघडू नका. संदर्भानं अर्थ लागतो, नाही लागला तरी काही अडत नाही. ही तीन नावं मात्र पाठ असू द्या. मधलं उत्पत्तीतलं आहे आणि तिसरं प्रभूच्या प्रार्थनेतलं.

पहिल्या भागात ब्रदर फ्रान्सिस उपवासकाळात वाळवंटात एकटा राहतोय. त्याला जमिनीखाली एक जुनं बांधकाम सापडतं, दारावर लिहिलंय 'फॉलआउट'पासून बचावाचं आश्रयस्थान. फॉलआउट म्हणजे किरणोत्सारी धूळ हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटतं, तो कुठलातरी राक्षस असावा आणि आत दडून बसला असावा. आत मिळते एका पेटीत वाणसामानाची यादी आणि एक निळा नकाशा. मठात त्यांची लीबोवित्झचे पवित्र अवशेष म्हणून पूजा होते. फ्रान्सिस त्या नकाशाची सोनेरी वेलबुट्टीची प्रत करायला बसतो, आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा का काढल्या असतील, एवढी शाई वाया का घालवली असेल, याचा विचार करत राहतो. या प्रतीला पंधरा वर्षं लागतात.

पोपला भेटायला जाताना वाटेत दरोडेखोर त्याला अडवतो. एवढं सुंदर चित्र म्हणजे खरा अवशेष हाच असणार असं समजून तो प्रत हिसकावून घेतो आणि मूळ कागद फ्रान्सिसकडे राहतो. पोप त्याला समजावतो, की त्या पंधरा वर्षांनीच मूळ वाचवलं. अर्थ न कळणाऱ्या नकाशाच्या नकलेत घालवलेली पंधरा वर्षं हा वेडेपणा की भक्ती, याचं उत्तर मिलर देत नाही. मला ती भक्ती वाटते. तिला भीतीची किनारही आहे, कारण ज्या ज्ञानानं जग जळलं त्याचाच हा तुकडा आहे.

दुसरा भाग लोक घाईनं वाचतात, कारण घटना कमी. तिथेच थांबा. ब्रदर कॉर्नहूर जुन्या कागदांवरून विजेचा दिवा बनवतो. काही जण पायांनी चक्र फिरवतात, एक जण शिडीवर चढून दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर सांभाळतो, आणि तळघरात शेकडो वर्षांत पहिल्यांदा डोळे दिपवणारा उजेड पडतो. तो पेटवताना ते उत्पत्तीतली वाक्यं लॅटिनमध्ये म्हणतात. पण दिवा टांगायचा कुठे? कमानीतल्या खुंटीवर क्रूस आहे. क्रूस काढून तिथे दिवा लावतात. ग्रंथपाल ब्रदर आर्मब्रस्टर संतापतो. त्याचं म्हणणं विज्ञानाच्या विरोधात आहे असं पहिल्यांदा वाटतं. दुसऱ्यांदा वाचा. दिवा लावू नका असा कादंबरीचा सूर नाही. त्या कमानीत जागा एकच होती, आणि दिवा क्रूस काढून तिथे लावला गेला, हे ती दाखवते.

मठाधिपती दोम पाउलो आणि थॉन तादेओ हा बुद्धिमान विद्वान यांचा वाद इथेच होतो. तादेओच्या संशोधनाला पैसा देणारा राजा युद्धाची तयारी करतोय, हे दोघांनाही माहीत आहे. विद्वानानं काय करावं? राजानं ज्ञानाचा दुरुपयोग केला तर तो दोष कुणाचा? तादेओ खलनायक नाही, प्रामाणिक आहे, म्हणूनच वाद जड जातो. दोघांचं बोलणं मोठ्यानं वाचून पाहा. एकदा तादेओच्या बाजूनं, एकदा पाउलोच्या.

तिसऱ्या भागात, ३७८१ साली, पुन्हा अणुबॉम्ब आहेत. स्फोट झाल्याचा सांकेतिक निरोप आहे 'लुसिफर पडला'. लुसिफर शब्दाचा मूळ अर्थ प्रकाश आणणारा. आधीच्या भागातला तळघरातला दिवा आता आठवा. या भागात मठाधिपती झेर्खी आणि डॉक्टर कोर्स यांचा किरणोत्सारानं जळालेल्या, न वाचणाऱ्या रुग्णांना मरण देण्यावरून तीव्र झगडा आहे. झेर्खीची बाजू मला पूर्ण पटत नाही. वेदनेनं विव्हळणाऱ्या लेकराच्या आईला तो जे सांगतो, ते ऐकवत नाही. पण डॉक्टरला मिलरनं सोपं केलेलं नाही, तो दयाळू आणि थकलेला माणूस आहे. तुमचं मत कुठल्या पानावर बदललं त्याची खूण करा. माझं दोन ठिकाणी बदललं.

पायरी ५ : लुईस, पण पहिल्या पुस्तकापासून

क्रम: 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' १९३८, 'पेरेलँड्रा' १९४३, 'दॅट हिडिअस स्ट्रेंग्थ' १९४५. मी केलेली चूक करू नका.

पहिलं लहान आहे. भाषाशास्त्रज्ञ रॅन्समला भौतिकशास्त्रज्ञ वेस्टन आणि त्याचा पैशाचा लोभी साथीदार जबरदस्तीनं मंगळावर नेतात. सबंध पुस्तकाचा गाभा शेवटाकडच्या एका भाषणात आहे. मंगळाच्या अधिपतीसमोर वेस्टन मानवजातीच्या प्रगतीचं भव्य भाषण ठोकतो आणि रॅन्समनं ते तिथल्या भाषेत सांगायचं असतं. त्या भाषेत मोठे शब्दच नाहीत. म्हणून तो सांगतो: आमच्याकडे असे जीव असतात, की दुसऱ्याचं लक्ष नसताना त्याचं अन्न आणि वस्तू घेतात. हा म्हणतो, मी तसा नाही. वाक्यागणिक भाषणातली हवा निघत जाते. हा प्रयोग स्वतः करा. एखाद्या नव्या तंत्राची जाहिरात घ्या आणि आजीला सांगताय अशा मराठीत तिचा अर्थ लिहा.

दुसरं पुस्तक काव्यमय आहे, शुक्रावरच्या नव्या एवेची परीक्षा त्यात आहे. तंत्रज्ञानाचा मुद्दा त्यात थोडा, म्हणून इथे त्यावर थांबत नाही.

तिसऱ्यात एक संस्था आहे, नाव एन. आय. सी. ई. मानवजातीची सुधारणा हे तिचं ध्येय, आणि फासावर न जाता गिलोटिनखाली गेलेल्या एका गुन्हेगार शास्त्रज्ञाचं मुंडकं यंत्रांनी जिवंत ठेवून ती त्याचे हुकूम ऐकते. पण हे मुंडकं सगळ्यांत भयंकर नाही. मार्क नावाच्या तरुण समाजशास्त्रज्ञाला, अजून न झालेल्या दंगलीच्या बातम्या आधीच लिहायला सांगतात. हे बेकायदा आहे हे त्याला कळतं. तरी हसतखेळत, सहकाऱ्यांच्या गप्पांत, तो होकार कधी देऊन बसतो हे त्याचं त्यालाच धड कळत नाही. ना झगडा, ना निर्णयाचा क्षण. माझ्या वाचनात तंत्रज्ञानाच्या नीतीवर याहून खरा परिच्छेद नाही. पुढे त्याच मार्कला जमिनीवरच्या क्रूसावर पाय द्यायला सांगतात. तो ख्रिस्ती नाही, तरी नकार देतो. ही दोन पानं एकापाठोपाठ वाचा.

सोबत 'द अबॉलिशन ऑफ मॅन' हे छोटं पुस्तक, १९४३ मध्ये डरहॅम विद्यापीठासाठी दिलेली तीन व्याख्यानं. विमान, रेडिओ आणि संततिनियमनाची साधनं अशी उदाहरणं घेऊन लुईस म्हणतो, की माणसाची निसर्गावरची सत्ता म्हणजे काही माणसांची इतर माणसांवरची सत्ता असते, निसर्ग हे फक्त हत्यार. पुस्तकाच्या शेवटी त्यानं जगभरच्या नीतिवचनांचं संकलन दिलंय, त्यात हिंदू ग्रंथांतली वचनंही आहेत. नीतीचा पाया एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही, हे दाखवायला त्यानं ते मुद्दाम केलं.

लुईस वाचल्यावर त्याचा विरोधकही वाचा. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४६ मध्ये या त्रयीवर सणसणीत टीका केली: लुईसला विज्ञान कळत नाही आणि शास्त्रज्ञांचा तो द्वेष करतो. हे तेच हॉल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. टीकेत तथ्य आहे. तिसऱ्या पुस्तकातले शास्त्रज्ञ बरेचसे सोंगं आहेत, आणि मार्कच्या बायकोला, जेनला, लुईस जो धडा शिकवतो तो मला आजही खटकतो. म्हणून पुस्तक टाकून देऊ नका. कुठे खटकलं तिथेही खूण करा.

पायरी ६ : पुढे कुठे जायचं

इथून आवडीप्रमाणे जा. जेम्स ब्लिशचं 'अ केस ऑफ कॉन्शन्स', १९५८ चं, १९५९ चा ह्यूगो. पेरूचा एक जेजुइट जीवशास्त्रज्ञ अशा ग्रहावर जातो जिथले सरड्यासारखे जीव पूर्ण सदाचारी आहेत, पण देव त्यांना ठाऊकच नाही. सोबतच्या भौतिकशास्त्रज्ञाला त्या ग्रहावर बॉम्बचा कारखाना हवाय. वाद किचकट आहे, पहिला भाग दुसऱ्याहून फार सरस.

आल्डस हक्स्लीच्या १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये क्रूसांची वरची टोकं कापून फोर्डच्या मोटारीचा टी केलाय, आणि जगाचा नियंत्रक बायबल तिजोरीत कुलपात ठेवतो. सोळावा आणि सतरावा अध्याय आधी वाचला तरी चालेल.

आणि कारेल चापेकचं नाटक 'आर. यू. आर.', प्रागमध्ये १९२१ साली रंगभूमीवर आलं. 'रोबो' हा शब्द यातूनच जगाला मिळाला. रोबोंनी कारखान्याला वेढा घातलाय, मरण समोर आहे, आणि आत अडकलेल्यांत डॉक्टर गाल सांगतो की रोबोंच्या घडणीत बदल मी केला. लगेच कारखान्याच्या प्रमुखाची बायको हेलेना पुढे येते: मी सांगितलं म्हणून त्यानं केला. दोघं दोष एकमेकांवर ढकलत नाहीत, आपल्याकडे ओढून घेतात. इतक्या पुस्तकांत हात झटकलेले पाहिल्यावर हा प्रवेश वाचताना मला गहिवरून आलं होतं.

पायरी ७ : कर्ता शोधा

वाचन चालू असताना रोज एक सवय ठेवा. मराठीत 'चूक झाली' म्हणायची सोय आहे, त्यात कर्ता लागत नाही. 'यंत्रणेत बिघाड झाला', 'माहिती बाहेर गेली', 'नाव यादीतून गळलं' अशी वाक्यं बातम्यांत, नोटिसांत रोज दिसतात. कॅथलिक पापनिवेदनात हे चालत नाही, तिथे 'मी केलं' असंच म्हणावं लागतं. रोज असं एक वाक्य वहीत उतरवा आणि कर्ता घालून पुन्हा लिहा. कुणी केलं? कुणाच्या सांगण्यावरून? कर्ता सापडला नाही तर तिथे रिकामी जागा सोडा. चार-पाच वाक्यांनंतर समासातल्या तीन खुणा आपोआप नेमक्या पडायला लागतात.

मग 'फ्रँकेन्स्टाइन' परत उघडा आणि या वेळी फक्त सुरुवातीची चार पत्रं आणि शेवटची काही पानं वाचा. पहिल्या वाचनात ती आपण उडवतो. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन हा दर्यावर्दी ती लिहितोय, व्हिक्टरची सबंध कहाणी त्यानंच ऐकून उतरवलीय. बर्फात अडकलेलं जहाज सुटलं तर परत फिरायचं, असं वचन खलाशी मागतात. मरणाच्या दारात असलेला व्हिक्टर, एवढं सगळं भोगूनही, त्यांना पुढे जायला भरीस घालतो. खलाशी मात्र मागणी सोडत नाहीत. वॉल्टन जहाज वळवतो, मनाविरुद्ध, आणि आपली कीर्ती बुडाली म्हणून बहिणीला लिहितो. त्यानंतर रात्री त्याला व्हिक्टरच्या खोलीतून आवाज येतो. आत जाऊन पाहतो तर तो जीव मेलेल्या निर्मात्यावर वाकून रडत असतो, आणि त्याचा एक भलामोठा हात पुढे आलेला असतो.